भुरीबाईने बंद केलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पोहरादेवीच्या अलीकडे एक तांडा आहे, तिथल्या पत्र्याच्या घरात फळीवर बसलेला असतो. पाठीला कुबड आहे, एका कोपऱ्यात चित्र हिरवं पडतं आणि स्वभावाने मी जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको.

रूपलाने मला कारंज्याच्या बाजारातून जुनाच विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून आणलं. त्याच्या बायकोने, भुरीबाईने, मला हळदकुंकू लावलं. दसरा उलटला की ही माणसं ऊसतोडीला जायची आणि मी गोधडीत गुंडाळलेला पडून राहायचो. परत आल्यावर मात्र भुरीबाई आधी पदराने माझी काच पुसायची, मग चूल पेटवायची. त्या एका हातावर मी सगळा हिवाळा काढत असे.

ती मालिका बघायची. मोठाले बंगले, झोपतानाही दागिने न उतरवणाऱ्या बाया. तिला मोठी मौज वाटायची. एकदा मात्र तिने सुनेला, निताला, विचारलं, "ह्यात आपल्यासारखी बाई कवा येईन व?" विचारलं निताला, पण लागलं मला. तांड्यातली बाई माझ्यात आलीच तर चोरी करायला नाहीतर नाचायला यायची. अशा वेळी भुरीबाई उठून बाहेर जायची.

मग घरात मोबाईल आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तळहाताएवढा जीव, पण त्याचे लाड बघा! जो तो त्याला नाकाशी धरून बसे, झोपताना उशाशी घेई. माझ्या डोक्यावर तिखटाचा डबा आला. त्या मेल्याची रेंज जावी म्हणून मी देव पाण्यात बुडवून बसलो होतो.

गेल्या वर्षी मुंबईची सिनेमावाली माणसं तांड्यात आली. त्यांना म्हणे खरीखुरी माणसं हवी होती. साहेबाची गाडी अडवून एक वाक्य बोलायचं काम निताला मिळालं. तिने ते मान ताठ ठेवून, आपल्या रोजच्या बोलीत म्हटलं. सगळ्या तांड्याने ते ऐकलं आणि पुढे येता-जाता जो तो तेच म्हणू लागला.

सिनेमा टीव्हीवर लागणार असं कळलं. मोबाईलमध्ये इतके डोळे मावणार नव्हते, म्हणून तिखटाचा डबा उतरला. मला इतका आनंद झाला की कोपरासुद्धा हिरवा पडला नाही.

निता गाडीसमोर आली. तिने तोंड उघडलं आणि माझ्यातून भलत्याच बाईचा रडका, शहरी आवाज निघाला, "साहेब, आमच्या तांड्यापर्यंत रस्ता येत नाही हो." माझ्यासमोर बसलेल्या निताने मान खाली घातली.

"हे कोन बोलून राह्यलं?" भुरीबाईने विचारलं.

निताचा नवरा राजपाल म्हणाला, "दुसरीचा आवाज टाकला वाटते. आपलं बोलनं लोकाईले समजत नाई म्हनते."

"मंग तोंड तरी कायले घेतलं आपलं?"

सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच केलं. डबा पुन्हा डोक्यावर चढला.

रविवारी तोच सिनेमा पुन्हा लागला. निता बसायला तयार नव्हती. भुरीबाईने तिला हाताला धरून आणलं. गाडी दिसली तशी म्हातारी उठली आणि माझ्याकडे आली. तिने हात पुढे केला. मला वाटलं, आता काच पुसणार. तिने बटण दाबून माझा आवाज पार बंद केला.

"बोल निता," ती म्हणाली. "आता तू बोल."

"रस्ता आमच्यापर्यंत येत नाई, साहेब," निता म्हणाली. "आमीच रोज रस्त्यापर्यंत जातो."

पडद्यावरचे ओठ जरा मागेपुढे झाले, पण मान दोन्हीकडे ताठ होती. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. आणि मी जळलो, मोबाईलवर कधी जळलो नव्हतो तितका त्या आवाजावर जळलो. इतकी वर्षं मी बोलत राहिलो आणि भुरीबाई उठून जात राहिली. मी गप्प झालो, तेव्हा ती माझ्यासमोर बसून राहिली.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही सिनेमे काढाल, तर ज्याचा चेहरा घ्याल त्याचा आवाजही घ्या. आणि घरी एखादा जुना टीव्ही असेल, तर त्याची काच अधूनमधून पुसत जा. भुरीबाई त्या दिवशीही विसरली.