पाणी खदखदत नाही

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझं नाव खदखद. मला कुठल्या पंडितानं घडवलं नाही. चुलीवर दाट पिठलं शिजत होतं, आतली वाफ बाहेर फुटायला धडपडत होती, आणि भांडं आपणच 'खद्, खद्' म्हणालं. चुलीशेजारच्या बाईनं तो आवाज उचलला. झाला माझा जन्म! शिंद्यांच्या चाकरीत आलेल्या माणसांबरोबर मी उज्जैनला आलो. पाण्याशी माझं काही देणंघेणं नाही, ते खळखळ उकळतं. मला दाट काहीतरी लागतं.

माधव नगरातल्या चारुलताबाईंनी मला फार मानानं वागवलं. त्या ओट्यापाशी उभ्या राहत नसत. बाहेर मेथी निवडत बसायच्या आणि आतल्या आवाजावरून सुनेला सांगायच्या, "अपर्णा, खदखदलं गं, गॅस बंद कर." पिठलं कधी लागलं म्हणून नाही.

मार्गशीर्षात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. गावातल्या फ्रीगंज भागातून एक बाई बोलणं शिकवायला येऊ लागल्या. चित्रं दाखवून हिंदीत म्हणायच्या. पानी, चाय, दवाई. चारुलताबाई नुसत्या बघत राहायच्या.

"हिच्याशी मराठीत बोलू दे की मला," त्यांचे यजमान वसंतराव एकदा म्हणाले.

"बाबा, एकच भाषा ठेवा म्हणाल्यात त्या. आई उगाच परेशान होतात," अपर्णा म्हणाली.

तिचंही चुकत नव्हतं, बिचारी रात्रंदिवस सगळं करत होती. पण माझा जीव घाबरा झाला. तिची मुलगी इशिता पिठल्यालाही 'उबल रहा है' म्हणते. वसंतरावांनी जन्मात कधी स्वयंपाक केलेला नाही. या घरात मला म्हणणारं तोंड एकच, आणि तेच मिटलं. मी रोज त्यांच्या गळ्यापाशी धडका देत होतो. बाहेर पडता येत नव्हतं.

एके दिवशी अपर्णा बँकेत गेली होती. वसंतरावांनी चहाचं आधण ठेवलं, बायकोची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली आणि रडवेले होऊन म्हणाले, "चारू, ऐक नं. पाणी खदखदतंय."

चारुलताबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. ओठ वाकडे झाले, लाळ गळली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा शब्द फुटला.

"खळ... खळ."

मी नव्हे. माझं चुलत भावंड. वसंतराव तिथंच फरशीवर बसले आणि बायकोचा हात गालाशी धरून ढसढसा रडले. आधण आटून गेलं.

तेव्हापासून ते मुद्दाम चुकतात. "चारू, पिठलं खळखळतंय," म्हणतात आणि बायकोच्या तोंडाकडे बघत बसतात. कधी कधी तर गॅसवर काहीच नसतं. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.

मित्रांनो, मला भावंडाचा हेवा नाही, मला पुन्हा कुणी म्हणणार नाही याची भीती वाटते. मला जपून ठेवू नका, शब्दकोशात मी आहेच. चुकीच्या ठिकाणी का होईना, पण मला म्हणा. तुमची चूक सुधारणारं माणूस घरात आहे, तोवरच म्हणा.