हिरव्या शाईची उत्तरं

संपदाला परीलोकातल्या प्रेमकथांचं वेड होतं. एकोणतीस वर्षांची, एम.टेक. झालेली, चंदीगडला सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत दिवसभर भिंगं तपासणारी बाई असलं काही वाचते म्हटल्यावर लोक हसायचे. हसोत बापडे. गोष्टीतला टोकदार कानांचा, पंखवाला राजपुत्र पाचशे वर्षांचा असूनही पंचविशीचा दिसतो, ही थाप आहे हे तिलाही कळत होतंच की. पण परीलोकातल्यांना खोटं बोलता येत नाही, असा त्या गोष्टींचा नियमच असतो. शिवाय तो राजपुत्र त्या साध्या मुलीला विचारतो, "तुला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतो. आता मला सांगा, असा एक तरी पुरुष पाहिलाय तुम्ही? पंख राहू देत, नुसता गप्प बसणारा?

बार्शी सोडून ती चंदीगडला लागून असलेल्या खरड गावी भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला आली, तेव्हा ही पुस्तकंच तिच्या सोबतीला होती. मग तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कैवल्य भेटला. चंदीगडातच जन्मलेला, वडील मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर, स्वतः सेक्टर चौतीसमध्ये नोकरीला. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच. दिसायला छान, स्वभावाने हसरा. दोन महिन्यांत संपदा पुरती विरघळली.

ही पुस्तकं वाचणाऱ्यांची एक पद्धत आहे. पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावायच्या, गुलाबी प्रेमाला, निळी रडण्याला. कडेच्या कोऱ्या जागेत मनात येईल ते लिहायचं, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला ते पुस्तक द्यायचं. त्याने वेगळ्या शाईत उत्तरं लिहून परत करायचं. संपदाने तीन भागांतल्या एका कादंबरीचा पहिला भाग कैवल्यला दिला. पुस्तक इंग्रजी, पण कडेला लिहिलं होतं मराठीत, कारण मनातलं तिला दुसऱ्या भाषेत येतच नव्हतं.

महिन्याने पुस्तक परत आलं. हिरव्या शाईत उत्तरं होती, आणि तीही मराठीत!

"एवढा थांबतो का कुणी कुणासाठी?" असं तिने विचारलं होतं. खाली हिरवं उत्तर: "थांबतात. ज्याच्यासाठी थांबायचं त्याला पत्ता नसतो, एवढंच." एका निळ्या पट्टीपाशी तिने लिहिलं होतं, "इथलं जेवण अजून माझ्या जिभेला पटत नाही." त्यावर उत्तर: "मलाही नाही. आयुष्य गेलं इथे." संपदा खदखदून हसली. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या आणि म्हणे आयुष्य गेलं! पण त्या रात्री पुस्तक उशाशी घेऊन झोपली.

दुसऱ्या भागाने तर तिचं उरलंसुरलं शहाणपणही गेलं. कुणी तिला इतकं नीट वाचलंच नव्हतं. प्रत्यक्षात मात्र तिने पुस्तकाचा विषय काढला की कैवल्य फोनमध्ये डोकं घालून म्हणायचा, "लिखा है ना यार, पढ़ ले." लाजतो, असं तिने ठरवून टाकलं. तोंडाने हिंदी, हाताने मराठी. घरातली भाषा बाहेर बोलायला लाजणारी मुलं इथे पैशाला पासरी, हाही त्यातलाच असणार. त्याचं हस्ताक्षर तिने कधी पाहिलंच नव्हतं. हल्ली कोण कुणाचं पाहतं?

एवढ्यात पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. चांगली, कायमची नोकरी, आणि उत्तर द्यायला महिन्याची मुदत, शेवटचा दिवस सोमवार. नाही म्हणायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर तिने कैवल्यला विचारलंही होतं. ते पुस्तक तीन आठवडे झाले तरी परत येत नव्हतं. "हो जाएगा, पक्का," एवढंच तो म्हणायचा. मग त्याने सोमवारच्या आदल्या दिवशी तिला घरी जेवायला बोलावलं. आईवडिलांशी बोलून लग्नाचं पक्कं करून टाकू म्हणाला.

त्याच्या आईने, लीनाकाकूंनी दार उघडलं. साताऱ्याच्या, बारीक, हळू बोलणाऱ्या. दाराच्या कडीला दुधाची रिकामी कापडी पिशवी लटकत होती. "सकाळची राहिली बघ तशीच," म्हणत त्यांनी ती सारखी केली. "या घरात तिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही." त्याचे वडील, डॉक्टर मुरलीधर, पेपरातून मान वर करून "या" म्हणाले आणि परत पेपरात गेले. जेवताना बापलेक क्रिकेटवर बोलले. भरली वांगी कशी झालीत, हे कुणी सांगितलं नाही. संपदाने सांगितलं, तर काकूंनी दचकून तिच्याकडे पाहिलं.

ताटं घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. फळीवर ओळीने बरण्या होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या कागदाची पट्टी. "गोडा मसाला, साताऱ्याचा, मे." "मेतकूट, संपत आलंय, जपून." सगळं हिरव्या शाईत. तेच टपोरं, उजवीकडे कललेलं अक्षर. उशाशी घेऊन झोपलेलं अक्षर.

ताटं तिने कशीबशी ओट्यावर ठेवली.

"काकू, ती उत्तरं तुम्ही लिहिलीत?"

लीनाकाकूंनी नळ बंद केला. नाही म्हणाल्या असत्या तर संपदाने जीव तोडून विश्वास ठेवला असता.

"हो गं," त्या म्हणाल्या. "त्याला हाताने लिहिलेलं मराठी वाचता येत नाही. मला म्हणाला, वाचून दाखव. दोन पानं ऐकली आणि म्हणाला, मम्मी, आप ही कुछ लिख दो. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी लिहिलं, खोटं कशाला सांगू. मग ते इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन मीच वाचत बसले. तू कडेला विचारत होतीस, तुला काय वाटतं? अगं, तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला राहवलंच नाही."

"मी कुणाच्या प्रेमात पडले मग?" संपदाने विचारलं. "मी नोकरी सोडणार होते, काकू!"

"माहितीये. शेवटचं पान वाचलं मी." काकूंनी तांदळाच्या डब्यामागून तिसरा भाग काढला. "त्याच दिवशी उत्तर लिहिलं, पण तुला द्यायचा धीर होईना. वाटलं, सून होऊन आलीस तर मला बोलायला माणूस मिळेल. तीन आठवडे लपवलं, चोरासारखं. ने आता. बाहेर जाऊन वाच."

तिच्या हातात पुस्तक पाहून कैवल्य काय ते समजला आणि तिच्यामागे जिन्यापर्यंत आला. खरंच गोंधळला होता बिचारा, आणि तेच तिला जास्त लागलं.

"यार, इतनी सी बात? किताब ही तो है. मम्मी ने लिखा, मैंने लिखा, एक ही बात है ना?"

"एकच गोष्ट सांग. मी त्यात काय विचारलं होतं?"

तो आठवू लागला. मनापासून आठवत होता. जिन्याच्या बारा पायऱ्या उतरून ती खाली पोचली, तरी त्याला काही आठवलं नव्हतं.

समोरच्या बागेतल्या बाकावर बसून तिने शेवटचं पान उघडलं. वर तिचं निळं अक्षर होतं: "पुण्याला नाही म्हणून कायमची तुझ्याकडे येऊ? खरं सांग."

खाली हिरव्या शाईत होतं: "येऊ नकोस, पोरी. ज्याला शोधत येतेयस तो या घरात नाही. मी तीस वर्षं शोधून पाहिलंय."

संपदा रडली, अगदी हमसून हमसून. सकाळचं फिरणं राहिलेले एक सरदारजी दुपारच्या उन्हात फेऱ्या मारत होते, ते थांबून "बेटा, ठीक हो?" म्हणून गेले. आपण कैवल्यसाठी रडत नाही हे लक्षात आल्यावर तिला आणखीच रडू आलं. जिच्यापाशी मन उघडलं ती बाई वर भांडी घासत होती, आणि तिला सोबत नेता येत नव्हतं.

मग तिने पर्समधून पेन काढलं. हिरव्या ओळींखाली लिहिलं, "आणि तुम्हाला काय हवंय, काकू?" त्याखाली बार्शीचा पत्ता घातला, आईचा, कारण तो तरी बदलणार नव्हता. पुन्हा जिना चढून दाराच्या कडीला लटकणाऱ्या दुधाच्या पिशवीत ते पुस्तक सरकवलं, आणि बेल न वाजवता उतरली.

सोमवारी तिने पुण्याला होकार कळवला.

त्याला आता सात महिने झाले. दर रविवारी ती आईला फोन करते आणि आधी तेच विचारते, माझ्या नावाचं काही आलंय का? आई म्हणते, नाही गं, कुणाचं यायचंय एवढं? संपदा सांगत नाही. विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं असतं, आणि ती बसली आहे.