पिकायची वाट

"चावी टेबलावर ठेव," मालक म्हणाला.

"ती बाईच मध्ये आली," टेम्पोवाला म्हणाला.

"मध्ये? फूटपाथला चिकटून चालली होती. अख्ख्या गल्लीला दिसली, तुलाच तेवढी दिसली नाही? हात मोडलाय तिचा. डोळे तपासून ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस."

गोदामात टेम्पोवाल्याला सगळे साखरमास्तर म्हणत. मधुमेह त्याने मुठीत ठेवला होता. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, सगळं तोंडपाठ. कुणी चहात जास्त साखर घातली की त्याचं व्याख्यान सुरू. काचबिंदूसाठी डॉक्टरांनी दिलेले डोळ्यांचे थेंब मात्र त्याने महिन्याभरातच बंद केले. डोळा दुखत नव्हता. उलट थेंबांनीच चुरचुरायचा.

दवाखान्यात त्याला यंत्रावर हनुवटी टेकवून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं.

"मशीन बिघडलंय तुमचं," तो उठता उठता खेकसला. "मधूनच ठिपके बंद पडतात."

"ठिपके चालू होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थेंब का बंद केले?"

"म्हटलं, पिकू दे. मग काढून टाकू."

"पिकतो तो मोतीबिंदू! हा काचबिंदू आहे. यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला थेंब दिले होते."

"मग तेव्हा नीट सांगायचं! साखरेचं सांगायला सतराशे साठ जण. भिंतीभिंतीवर तक्ते. याचं कोण बोललं?"

"मी बोलले होते."

"बोललात! पुढच्या पेशंटला हाक मारता मारता."

बाईंनी थेंबांची चिठ्ठी सोबत आलेल्या त्याच्या बायकोच्या हातात दिली.

"आणि गाडी?" त्याने विचारलं.

"गाडी विसरा."

बाहेर पडताच बायको भडकली. "रोज बाटली घेऊन उभी राहायचे. तुम्ही काय म्हणायचात? डोक्याला ताप देऊ नकोस!"

"तोंड बंद ठेव."

तो तरातरा चालू लागला. चौकात थबकला. उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं.

"आता कुठे उलथलीस?" तो ओरडला. येणारे-जाणारे बघायला लागले.

ती त्याच्या डाव्या खांद्याला लागून उभी होती. त्याच्या मागून वळसा घालून ती उजव्या बाजूला आली.

"चला," ती म्हणाली. "रस्ता मोकळा आहे."