दुसरा घोट आणि चौथा घोट

रविवारी भर दुपारी चोवीस माणसं एकदम डोळे मिटतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का? मी सलग अकरा रविवार पाहिलंय. माझ्या आत्याच्या हॉटेलात, पांढऱ्याशुभ्र कापडांच्या टेबलांभोवती डॉक्टरीणबाई, वकील, बँकेतले साहेब असे सगळे उंच दांड्याचा पेला हातात धरायचे, एक घोट घ्यायचे आणि मग एकमेकांकडे असे बघायचे, जणू आत्ताच भिंतीतून देव बाहेर आला.

हा चमत्कार घडवणाऱ्या गृहस्थांना आम्ही तोंडावर सर म्हणायचो आणि स्वयंपाकघरात घोटमहाराज. कोणत्या पदार्थाला कोणती वाइन जोडायची, हे ठरवणं त्यांचं काम. सात पदार्थ, सात घोट. त्या सात घोटांचे पैसे जेवणाच्या दुप्पट.

"जोडी जमली, तर जीभ जागी होते," महाराज बोटं नाचवत सांगायचे. "नाही जमली, तर तुम्ही नुसते जेवलात."

नुसतं जेवण्याची लोकांना इतकी लाज वाटायची, की बहुतेक टेबलं मुकाट्यानं सात घोट मागवायची.

आणि महाराजांची पट्टशिष्या कोण? मी. वाइनला तोंड लावायचं नाही, अशी आत्याची सक्त ताकीद होती. मी नववीत आहे. पण कामं दोन होती. बाटलीवरचं नाव वाचलं की जीभ खोटं बोलते, असं महाराजांचं म्हणणं. म्हणून बाटल्या बाहेर यायच्याच नाहीत. कोठीवाले काका त्या काचेच्या सुरयांमध्ये रिकाम्या करायचे आणि मी सुरयांच्या गळ्यात पितळी नंबर अडकवायचे. हे पहिलं काम. दुसरं म्हणजे प्रत्येक घोटाआधी खोलीच्या मधोमध उभं राहून त्याची गोष्ट सांगायची.

गेल्या वर्षापर्यंत उत्तर येत असूनही मी वर्गात हात वर करत नव्हते. मग वक्तृत्वात पहिला नंबर आला आणि माझ्या तोंडाला जे कुलूप होतं त्याची किल्लीच हरवली. आत्या म्हणाली, "एवढं बोलतेस, तर इथे येऊन बोल." मी काय, तयारच.

"ज्या टेकडीवर ही द्राक्षं वाढली," मी हात पसरून म्हणायचे, "तिच्या उतारावर दुपारी साडेतीनला सावली येते. ती सावली तुमच्या जिभेच्या डाव्या कडेला लागेल."

आणि लागायची. वकीलसाहेब खरोखर डावा गाल चोळायचे.

बाराव्या रविवारी आईबाबा आले. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. आत्या म्हणाली, "दादा, तुझ्याकडून पैसे घेणार नाही." बाबा म्हणाले, "मग मी येणार नाही." बाबा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्याचं बटण लावल्यामुळे ते सारखी मान वळवत होते. मला खोलीच्या मध्ये उभं पाहून त्यांनी आईला कोपर मारलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

दुसरा घोट मशरूमच्या सूपबरोबर. "हा हलका, लाजरा," मी सांगितलं, "पावलं न वाजवता येणारा." चौथा मटणाबरोबर. "हा मात्र जड. जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखा." सगळ्यांनी दार उघडलं. बँकेतले साहेब तर म्हणाले, की त्यांना कपाटाची कडीसुद्धा जाणवली.

बाबांनी पेला खाली ठेवला. "मला उलटंच वाटलं गं. मघाचा दुसरा जड होता. हा तर पातळ आहे."

महाराज गोड हसले. "साहेब, जीभ रोज साध्या चहावर असली, की असं होतं."

मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे. मी काय केलं ते ऐका.

"बाबा दिवसभर दुसऱ्यांना अक्षरं ओळखायला लावतात," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि आज त्यांनाच तक्त्यावरचं पहिलं अक्षर दिसेना."

चोवीसातले बावीस जण हसले. कुणीतरी टाळी वाजवली. आई ताटाकडे बघत राहिली. बाबांनी गळ्याचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "असेल. माझंच चुकलं असेल."

पाचव्या घोटाला मी ओल्या दगडाचा वास सांगितला, तेव्हा सगळ्यांच्या आधी बाबा म्हणाले, "हो, हो. येतोय. ओला दगड."

मी खूश झाले. अगदी खरं सांगते, खूश झाले.

सहाव्या पदार्थाच्या वेळी मी रिकाम्या सुरया घेऊन कोठीत गेले. काकांनी त्यातली एक उजेडात धरली. "काय गं ए वक्ते, या सुरईला दोन नंबर कुणी घातला?"

"मी. का?"

"हिच्या तळाला गाळ बघ. गाळ जड वाइनच्या बाटलीतच असतो. ही चार नंबरची. तू दोघींची अदलाबदल केलीस."

तोंडचं पाणी पळालं. दोन्ही लाल वाइन एका वेगळ्या ट्रेमध्ये असायच्या, डावीकडे हलकी, उजवीकडे जड. दर रविवारी मी काकांच्या बाजूला उभी राहून नंबर अडकवायचे. आज भाषण भिंतीवर चिकटवलं होतं, ते घोकता घोकता मी ट्रेच्या पलीकडून अडकवले. तिकडून डावं ते उजवं.

म्हणजे मशरूमला जड मिळाली, मटणाला हलकी. म्हणजे सगळ्या खोलीत एका माणसाला बरोबर कळलं होतं. आणि मी सगळ्यांना त्याच्यावर हसवलं होतं.

महाराज आत आले, त्यांना सांगितलं. ते स्वतः प्रत्येक सुरईतला घोट चाखून मगच वाढत. त्यांचा चेहरा उतरला. "सर्दी आहे मला," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "कुणाला कळलं का? नाही ना? मग झालं. सातव्याची गोष्ट सांग आणि घरी जा."

"बाबांना कळलं होतं."

"त्यांना आता काही आठवतही नसेल, पोरी."

दारात आत्या उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "तू बाहेर जाऊन बोललीस, तर पुढच्या रविवारी इथे माश्या मारायच्या," ती मला म्हणाली. मग तिनं हातातल्या फडक्याची घडी घातली. "आणि नाही बोललीस, तर दादा आयुष्यभर स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवणार नाही. ठरव तू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाबांच्या दुकानातली एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली. डोळे तपासताना ते विचारतात, "ही काच बरी की ही?" आणि मध्येच एकदा, न सांगता, तीच काच पुन्हा लावतात. बहुतेक लोक म्हणतात, दुसरी बरी. बाबा हसत नाहीत. नुसतं लिहून घेतात. मी एकदा विचारलं होतं, की लोक खोटं का बोलतात. "खोटं नाही बोलत. विचारलंय म्हणजे फरक असणारच, असं त्यांना वाटतं," ते म्हणाले होते.

मी बाहेर गेले. सातव्याची गोष्ट सांगितली नाही. मी सांगितलं तसे काकांनी प्रत्येकापुढे दोन छोटे पेले ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी चिठ्ठ्या वाटल्या. "दोन्ही चाखा. फरक वाटला, तर काय ते लिहा. नाही वाटला, तर तसं लिहा. नाव घालू नका. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही." महाराजांनी चिठ्ठी घेतली नाही.

चोवीस चिठ्ठ्या. पंधरा जणांना फरक वाटला. त्या पंधरांतल्या नऊ चिठ्ठ्यांवर शब्द माझे होते: लाजरा, ओला दगड, जुनं कपाट. एकीवर तर साडेतीनची सावलीसुद्धा होती. सहा जणांनी लिहिलं, सारखीच. तिघांनी लिहिलं, कळत नाही.

"दोन्ही पेल्यांत एकाच सुरईतली वाइन होती," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग मी नंबरांची अदलाबदल सांगितली. आवाज फाटत होता, वक्तृत्वाच्या बाईंनी ऐकला असता तर बक्षीस परत घेतलं असतं. "चौथ्या घोटाला माझ्या बाबांनी खरं सांगितलं होतं. मी त्यांची थट्टा केली. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे."

डॉक्टरीणबाईंनी पेला उजेडात फिरवला. "पण मला खरंच कपाट जाणवलं होतं," त्या म्हणाल्या. चिडून नाही, हळूच. "म्हणजे ते तू ठेवलं होतंस तिथे."

हो. मीच ठेवलं होतं. चमत्कार पेल्यात नव्हता, तो माझ्या तोंडात होता. आधी शब्द कानात ओतायचे, मग वाइन तोंडात. जीभ शब्द शोधत बसते आणि शोधलं की सापडतंच. त्यात भर म्हणजे घसघशीत किंमत. एवढे पैसे मोजून काहीच वेगळं लागलं नाही, हे कबूल कोण करणार? शेजारचा डोळे मिटतो, म्हणून आपण मिटतो. आपण मिटतो, म्हणून तिसरा.

खाण्यानं पिण्याची चव बदलते, हे खोटं नाही. गोड खाऊन चहा प्या, चहा अगोड लागतो. त्याला महाराज लागत नाहीत. दोन वाइन वेगळ्या असतात, हेही खरं; बाबांना तो फरक कळलाच होता. पण सात पदार्थांना सातच नेमके घोट, एक इकडचा तिकडे झाला तर जीभ झोपून राहील, ही भाकडकथा आहे. आमचे दोन इकडचे तिकडे झाले आणि बँकेतल्या साहेबांना कडी जाणवली.

त्या दिवशी आईबाबांबरोबर चालत घरी गेले. कोपऱ्यावर वळल्यावर बाबांनी गळ्याचं बटण सोडलं.

"बाबा, सॉरी."

"अगं, मीही चोरच आहे," ते म्हणाले. "पाचव्याला मला कसलाही वास आला नव्हता."

"मग हो का म्हणालात?"

"तू एवढ्या हौसेनं सांगत होतीस. परत तुझं तोंड पाडायचं का?"

आई म्हणाली, "मलाही नव्हता आला."

महाराज दुसऱ्या हॉटेलात गेले, तिथे म्हणे आता नऊ घोट असतात. आत्याकडे रविवारी तीन-चार टेबलं रिकामी राहतात. जे येतात त्यांना बाटली दिसते, नाव दिसतं, आणि आवडेल ते, परवडेल ते मागवता येतं. गोष्ट कुणी सांगत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. महाग वाइन असो, अंगारा असो, की कुणाच्या हातचं औषध, आधी गोष्ट ऐकू नका. आधी झाकून चाखा, दोनदा चाखा, आणि जे लागलं तेच सांगा. काही लागलं नाही, तर नाही म्हणा. आणि दुसरा कुणी नाही म्हणाला, तर त्याला बोलू द्या. भोंदूला फार चेले लागत नाहीत. खरं बोलणाऱ्याला हसणारा एक जण खोलीत असला, की त्याचं भागतं. त्या रविवारी ती एक जण मी होते.