चौगुल्यांच्या अंगातला करंट

अपघातानंतर स्वतःच्या हातानं बॅटरीची केबल सोडवली त्या दिवसापासून धनपाल चौगुल्यांच्या ट्रकमधला करंट त्यांच्याच अंगात उतरला होता. बायको जवळ येत नव्हती. न्हाव्याचा वस्तरा गालाला चिकटून बसायचा. ट्रक मात्र पाच महिने आवारात मुका उभा. केबिन नवी बसवली, ब्रेक बदलले, नवी बॅटरी घातली, स्टार्टर बदलला, गावातल्या सगळ्या मिस्त्र्यांनी हात टेकले. शेवटी नाइलाजानं चौगुल्यांनी इलाही मुजावरला बोलावलं.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये इलाहीचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. त्याचा धाकटा भाऊ रफीक याच ट्रकवर ड्रायव्हर होता. घाटात ट्रक दरडीवर आदळला आणि रफीक केबिनमध्ये चिरडला. तो पिऊन होता, असा जबाब चौगुल्यांनी पोलिसांना दिला; सीटखाली दारूची बाटलीही सापडली. रफीकनं जन्मात दारू चाखली नव्हती. तेव्हापासून त्याच्या अम्मानं उंबरा ओलांडला नव्हता.

इलाहीनं बॅटरी तपासली. भरलेली होती. टर्मिनल घासून घट्ट केले, चावी फिरवली. एक दिवासुद्धा लागला नाही. मग त्यानं टेस्ट लॅम्पचा चिमटा ट्रकच्या लोखंडी चॅसीला लावला आणि टोक चौगुल्यांच्या मनगटाला टेकवलं. दिवा लख्ख पेटला.

“करंट तुमच्यात आहे, अण्णा.”

“ठाऊक आहे. काढ तो.”

“ही केबल धरा.”

चौगुल्यांनी बॉनेटमध्ये वाकून केबल मुठीत धरली. हेडलाइट मिणमिणले.

“घाटात काय झालं ते बोला.”

“रफीक पिऊन होता.”

हेडलाइट विझले.

“करंट तुटला,” इलाही म्हणाला. “परत बोला.”

चौगुल्यांनी मूठ आणखी आवळली. मग म्हणाले, “ब्रेक लागत नाहीत, असं तो सकाळीच म्हणाला होता.”

हेडलाइट पेटले.

“मग?”

“मी म्हटलं, माल पोचव, आल्यावर बघू.”

स्टार्टर फिरला. इंजिनानं धूर ओकला आणि सूर धरला. एव्हाना चौगुल्यांचा हात कोपरापर्यंत लाल रबरी केबल झाला होता.

“इलाही, सुटत नाही रे हे.”

“नाही सुटणार. सीटखाली बाटली कुणी ठेवली?”

“मीच.”

चौगुल्यांचा खांदा इंजिनात ओढला गेला. पाच महिने इलाही रोज मनातल्या मनात या माणसाच्या डोक्यात पाना घालत आला होता. आता त्याला हातसुद्धा उचलावा लागत नव्हता. त्याला बरं वाटलं.

“तुझ्या अम्माची माफी मागतो,” चौगुले म्हणाले. आता त्यांचा चेहराच तेवढा बाहेर होता.

“तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं मागावी लागेल.”

इलाहीनं बॉनेट खाली ओढलं. मध्ये काहीच नसल्यासारखं ते खटकन बसलं.

ट्रक त्यानं भर दुपारी बाजारातून नेला. प्रत्येक चौकात हॉर्न दाबला. “ब्रेक लागत नव्हते,” हॉर्न चौगुल्यांच्या आवाजात ओरडला. “मी ठेवली बाटली.” दुकानदार पायऱ्यांवर आले. हवालदारानं शिट्टी तोंडातून काढली. इलाही पुढं पुढं जात राहिला आणि आपल्या घरासमोर थांबला. तिथं हॉर्न नुसता रडायला लागला.

अम्मा दारात आली. उंबरा ओलांडून ट्रकपाशी आली, पदर खोचून केबिनमध्ये चढली. तिनं इलाहीचा हात बाजूला सारला, आपला तळवा हॉर्नवर दाबला, आणि तो उचललाच नाही.