बिराप्पाचं घोंगडं

राजनंदिनीचं पत्र आलं त्याला आषाढ सरला, श्रावण सरला, तरी नाथाजींनी उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र तसं साधंच होतं. ती मिरजेला नर्सिंग शिकत होती आणि होस्टेलच्या मैत्रिणींबरोबर ‘माळरान’ नावाचा मोबाईल गेम खेळायची. त्यातल्या पात्रांच्या गोष्टी साताऱ्याच्या नाथाजींनी लिहिल्यात, असं तिला कुठून तरी कळलं होतं.

‘काका, मेंढपाळ बिराप्पाचं लांडगे अडवणारं घोंगडं कधी चालतं, कधी का चालत नाही?’ तिने विचारलं होतं. ‘सगळे म्हणतात गेम बिघडलाय. मी म्हणते, बिराप्पा लहरी माणूस नाही, यात काहीतरी नियम आहे. मी पैज लावलीय. हरले तर बिराप्पा सोडून कुऱ्हाडवाल्या आक्काताईला घेऊन खेळावं लागेल. मला तो सोडायचा नाही. तुम्हीच लिहिलाय म्हटल्यावर तुम्हाला माहीत असेलच.’

त्या ‘असेलच’ने नाथाजींचा घात केला. त्यांना माहीत नव्हतं.

जन्मभर त्यांनी छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली होती. स्वतःचं असं काही लिहायचं धाडस कधी झालं नाही. दोन वर्षांपूर्वी सांगलीहून भाचा कपिल आला. तो आणि त्याचा मित्र अमृत मिळून गेम बनवत होते. “मामा, मेंढपाळ आहे, लांडगे आहेत, तुम्ही फक्त गोष्ट लिहा,” म्हणाला. नाथाजींनी आपलं नाव कुठे घालायचं नाही या अटीवर गोष्टी लिहिल्या, कागद त्याच्या हातात दिले आणि आपण काय लिहिलं ते शरमेपोटी विसरूनही गेले. गेम त्यांनी कधी उघडून पाहिला नाही. आता घोंगडं चालत नसेल तर चूक आपल्याच गोष्टीत असणार, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं.

भाद्रपदात कपिलचा फोन आला.

“मामा, बिराप्पावरनं लय भांडणं चाललीत. सोमवारी नवी आवृत्ती टाकतोय. त्यात घोंगडं कायम चालेल असंच करून टाकतो. रविवारी साताऱ्यातली खेळणारी पोरं भेटणार हायत, तुम्ही पण या.”

“अमृतला विचारलंस का?”

“तो शिरवळच्या कंपनीत लागलाय. म्हणतो, मामांच्या गोष्टीत होतं तसंच केलंय. आणि त्यानं लिहिलेला कोड त्याचा त्यालाच कळतो.”

म्हणजे चूक आपलीच. नाथाजी नको म्हणणार होते, पण त्यांच्या पत्नी मंगलताई शेजारीच उभ्या होत्या.

“आवं, जावा की! दिवसभर घरात बसून पुस्तकांनाबी कंटाळा आणलाय तुमी.”

“येतो,” नाथाजी फोनमध्ये म्हणाले. “पण माझं नाव सांगायचं नाही.”

पोवई नाक्याजवळच्या एका ज्यूसच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, पोरं जमली होती. नाथाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा चेहरा करून बसले. कपिलने ओळख दाखवली नाही.

इंजिनिअरिंगचा शिवतेज टेबलावर हात आपटत होता. “मेंढरं जवळ असली की घोंगडं चालतं! मेंढपाळ हाय त्यो. मेंढरं लांब, ताकद लांब. साधा हिशोब हाय.”

“काल माझी मेंढरं पार पल्याड होती,” समोरची प्रियंका म्हणाली. “तरी लांडग्यांनी घोंगड्यावर पाय टाकला न्हाई.”

“चपला!” तिसरा ओरडला. “घोंगड्यावर चपला घालून गेलं की झालं. माझी आजी मारती.”

“गेममधी चपला काढायचं बटण कुठं हाय रं?”

“न्हाई ना! म्हणून तर चालत न्हाई!”

“मग माझं कवा कवा कसं चालतं? त्या दिवशी मी पाय धुऊन आले होते व्हय?”

सगळे हसले. नाथाजीही हसले. आपल्या कागदावरचा माणूस ही पोरं गल्लीतल्या माणसासारखा धरून बोलतात, याचं त्यांना नवल वाटलं. त्या भरात तोंडातून निघून गेलं, “मेंढरांचा संबंध नसावा.”

सगळ्या माना वळल्या.

“आवं आजोबा, तुमी खेळता?” शिवतेजने विचारलं.

“नाही.”

“मग कशावरनं म्हणता?”

“चुकलं माझं,” नाथाजी लगेच म्हणाले. शिवतेज इतक्या खात्रीने बोलत होता की मेंढरांचं त्यांनाही पटायला लागलं होतं.

प्रियंकाला त्यांची दया आली असावी. तिने आपला फोन त्यांच्या हातात दिला. “घ्या आजोबा, तुमी बिराप्पा व्हा. इथं अंगठा फिरवला की चालतोय. हे बटण घोंगडं आंथरायचं, हे बसायचं.”

शिवतेज स्वतःच्या फोनवर आक्काताई घेऊन उतरला. माळ पिवळा पडला, दिवस कलला आणि लांडगे दिसू लागले.

“आंथरा आजोबा, आंथरा!”

बिराप्पाने घोंगडं अंथरलं.

“बसा आता! लवकर बसा!”

नाथाजींनी बटणाला हात लावला नाही. बिराप्पा घोंगड्याशेजारी नुसता उभा राहिला.

“तुम्ही बसा ना आधी,” ते शिवतेजला म्हणाले.

“आवं, लांडगं आलं! मानपान कसला काढलाय?”

“तुम्ही लांबून चालत आलाय. बसा हो.”

शिवतेज कपाळावर हात मारत आक्काताईला घेऊन गेला आणि त्याने तिला घोंगड्यावर बसवलं. “बसलो! आता तुमी बसा की!”

मग नाथाजींनी बटण दाबलं. लांडगे झेपावले, घोंगड्याच्या काठाशी आले आणि शेपट्या पाडून मागे फिरले.

“परत,” प्रियंका म्हणाली.

परत खेळले. या वेळी बिराप्पा शिवतेजने घेतला आणि सवयीप्रमाणे आधी स्वतः जाऊन बसला. लांडग्यांनी फडशा पाडला. पुन्हा खेळले. आक्काताई आधी, बिराप्पा मागून. लांडगे परतले.

“आयला!” शिवतेज उठून उभा राहिला. “बिराप्पा घेतला की जो तो आधी आपलाच जीव वाचवाय पळतोय! चुकून दुसरा आधी पोचला तवाच चालतंय!”

कपिलने तिथल्या तिथे अमृतला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“व्हय, तसंच हाय की,” अमृतचा आवाज आला. “पाहुणा टेकायच्या आधी घरचा माणूस बसतोय व्हय कुठं? मामांच्या गोष्टीत वाटसरू बसल्याबिगर बिराप्पा बसतच न्हाई. ह्ये काय लिहून कळवायचं असतं का, गड्या?”

नाथाजींना अंधुक आठवलं. असं वाक्य त्यांनी लिहिलं होतं खरं, पण काही विशेष लिहितोय असं त्या वेळी वाटलंच नव्हतं.

“सुटलं एकदाचं,” कपिल म्हणाला. “तरी सोमवारी मी ते काढूनच टाकतो. कुणीबी बसू दे, कायम चालू दे. नव्या लोकांना कुठं कळायचं हे?”

छापखान्यात एखादी ओळ खटकली तर ते समासात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचे आणि लेखकाने ते खोडलं की गप्प बसायचे. इथे समासही नव्हता.

“नको,” ते म्हणाले.

“काय मामा?” कपिलने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

“मामा? कुणाचं मामा?” शिवतेज.

नाथाजी उभे राहिले होते. ते कधी उठले ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. “कपिल, कुणीही कसंही बसलं तरी चालणार असेल तर मग त्यात बिराप्पा उरलाच कुठे? मिरजेच्या एका मुलीने त्याच्यावर भरवसा ठेवलाय. तू बदललंस तर ती खोटी पडेल.”

“लोक शिव्या देतील मामा. आपल्याला पैसे कमी आणि शिव्या जास्त मिळतात.”

“मला देऊ देत. माझं नाव टाक. पूर्ण नाव, पत्त्यासकट टाक.”

मामांचं नाव लग्नपत्रिकेत छापायचं म्हटलं तरी ते अवघडून जायचे. “बरं,” कपिल म्हणाला. “न्हाई बदलत. पण पत्ता नको घालू या. घरी येतील लोकं.”

“म्हंजे तुमी लिहिलाय बिराप्पा?” शिवतेज ओरडला. “आवं, मग मगाशी मेंढरांचं बरोबर बोलत होता की! आमीच तुमाला गप केलं!”

“नाही नाही, मेंढरांचं मला पटलं होतं.”

त्यावर जो हशा झाला तो ऐकून खालचा ज्यूसवाला वर आला. मग कुणी कोपऱ्यातली खुर्ची ओढून टेबलाशी आणली आणि प्रश्न सुरू झाले. आक्काताईची कुऱ्हाड ओढा ओलांडला की बोथट का होते?

“होते?” नाथाजींनी कुतूहलाने विचारलं, आणि पुढचा तासभर पोरंच त्यांना समजावून सांगत राहिली.

घरी येऊन ते कागद घेऊन बसले. पहिला फाडला, दुसरा फाडला.

“एका पोरीला चार ओळी लिहायला किती कागूद लागत्यात?” मंगलताई आतून म्हणाल्या. “मनात हाय ते लिवा.”

मग त्यांनी लिहिलं, ‘चि. राजनंदिनी, नियम आहे. पैज तू जिंकलीस. तुझं पत्र आलं तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं आणि तसं कळवायची लाज वाटली. नियम कोणता ते सांगत नाही, तू शोधून काढशील. एवढंच सांगतो, घोंगडं अंथरल्यावर बिराप्पाला घाई करू नकोस. लांडगे आले तरी.’

खाली पूर्ण नाव लिहिलं. सकाळी कोपऱ्यावरच्या पेटीशी जाऊन ते जरा थांबले. ‘घाई करू नकोस’ हे उपदेशासारखं तर वाटणार नाही ना? पाकीट फोडून पाहावं का? मागे एक बाई हातात पाकीट धरून उभ्या होत्या.

“टाकताय ना आजोबा?”

“हो, हो,” नाथाजी म्हणाले, आणि टाकलं.