आधी सूप, मग नाव

शैलेंद्रला अमेरिकेचा इतिहास येत होता. म्हणजे तो तिथे अकरा वर्षं राहिला होता, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला वेळ भरपूर मिळतो. पुढे रांगच हलेना, तेव्हा तो कॅनडात आला. इतिहास मात्र सोबत घेऊन आला. मिसिसागातल्या मराठी मंडळींत सिव्हिल वॉरची कारणं कुणी न विचारता सांगणारा तो एकटाच होता. त्याला वाढदिवसाला बोलावताना लोक केक कापायची वेळ नक्की करून मगच बोलवत.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तो मिनिव्हॅन चालवत होता. शेजारी बायको अरुणा. मागे सतरा वर्षांची लेक चैत्राली, आणि तिच्याशेजारी रमाबाई. त्यांच्याच काँडोत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या हर्षवर्धनची ही आई, वय अठ्ठ्याहत्तर, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. हर्षवर्धनला शनिवारी ड्युटी होती. "आईला घेऊन जाता का बरोबर?" तो म्हणाला होता. "चार महिने झाले, तिनं ग्रोसरी आणि माझं बेसमेंट पार्किंग सोडून काही पाहिलं नाही."

गाडी निघाली होती ती मात्र चैत्रालीसाठी. तीन तासांवरच्या चॅटम शहराच्या अलीकडे, मक्याच्या शेतांत, एक लहानसं गाव होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांनी वसवलेलं. तिथल्या जुन्या लाकडी चर्चचं म्युझियम झालं होतं आणि ते मिस टॉल्बट नावाच्या बाई चालवत. चैत्रालीनं शाळेचा प्रोजेक्ट करता करता त्यांना पाच मेल पाठवले होते. पाचव्याला उत्तर आलं: उन्हाळ्यात गाइड म्हणून एक विद्यार्थी घ्यायचा आहे, येऊन भेट. पोरीनं तीन आठवडे दुसरं काही बोलणं काढलं नव्हतं.

"बाबा, प्लीज. टुडे यू डोन्ट टॉक," तिनं निघतानाच बजावलं.

"नाही बोलणार," शैलेंद्र म्हणाला, आणि हायवेला लागताच रमाबाईंकडे वळला. काकूंशी बोलणं त्यात धरलं नव्हतं.

"काकू, अठराशे पन्नास साली तिकडे एक कायदा झाला. पळालेला गुलाम उत्तरेच्या राज्यात सापडला, तरी धरून मालकाकडे परत पाठवायचा. शेजाऱ्यांनी लपवला तर शेजाऱ्यांना दंड. म्हणजे बघा, ज्या गावात माणूस सुटलो म्हणून पाठ टेकत होता, तिथेच तो एका रात्रीत चोर ठरला. मग नदी ओलांडायची आणि कॅनडा गाठायचा."

"हो का," रमाबाई म्हणाल्या.

"आता हा बोर्ड आला ना, त्यावर लिहिलंय, पुढे रस्त्याचं काम चालू आहे."

"अस्सं."

"आणि इकडे आल्यावर सगळे एका पंगतीत बसले?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"काकू, हा कॅनडा आहे!" शैलेंद्र म्हणाला. हे उत्तर नव्हतं, हे त्याला वाटेतलं लंडन, म्हणजे कॅनडातलं, मागे पडल्यावर जाणवलं, पण तोवर विषय लिंकनपर्यंत पोचला होता.

चर्च पाहून तो मात्र खरंच गप्प झाला. पांढऱ्या फळ्यांचं, आपल्या काँडोच्या पार्टी हॉलएवढंही नाही. चहूकडे कापणी झालेली शेतं, आभाळ अगदी खाली आलेलं. चैत्राली केस सारखे करत आत गेली. अरुणा रमाबाईंना हात देऊन उतरवत होती. शैलेंद्र पायऱ्या चढला. जुनी वास्तू, आत कुणाची तरी श्रद्धा; त्यानं बूट काढून बाजूला नीट लावले. दारापाशी एक जाड दोर लोंबत होता.

"अहो, ते देऊळ नाही!" अरुणा मागून ओरडली. पण तोवर हात वर गेला होता. पन्नास वर्षं दारात काही लोंबताना दिसलं की तो वाजवून आत जात आला होता. दोराशेजारी पाटीवर 'कृपया वाजवू नये' असं ठळक लिहिलेलं होतं. शैलेंद्रनं आज बाकी सगळ्या पाट्या वाचल्या होत्या.

त्याला टण् असा आवाज अपेक्षित होता. जो आला तो डोक्यावरून निघाला, छातीतून गेला आणि शेतांवरून गडगडत पार क्षितिजापर्यंत पोचला. दूरच्या तळ्यावरून शंभर-दीडशे गीज, म्हणजे रानहंस, एकदम उठले. दोर हातातून सुटेपर्यंत घंटा आणखी दोनदा वाजली.

दारात मिस टॉल्बट आल्या. ऐंशीच्या घरातल्या, उंच, काळ्या, राखाडी कार्डिगन घातलेल्या. मागे चैत्राली, चेहरा पांढराफटक. शैलेंद्रनं सॉरी म्हणायला तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्या आत गेल्या, एक खुर्ची आणून पोर्चवर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. येतीलच आता."

कोण येतील, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

आधी धुळीचा लोट दिसला. पिकअप होती. तिच्यातून कापणीच्या मशीनवरून तसाच उठलेला एक धिप्पाड माणूस उतरला, ओव्हरऑलवर मक्याचा भुसा. मग समोरच्या घरातून एक बाई, दोन्ही हातांत स्लो कुकर धरलेला, वायर मागे जमिनीवर घासत येत होती. सायकलवर एक मुलगी, खांद्यावर गोधडी. काठी टेकत एक म्हातारा, त्याच्या कोटाच्या खिशात पाव. दहा मिनिटांत अकरा माणसं जमली. कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी त्या बूट नसलेल्या परक्या माणसाकडे पाहिलं, मुलीनं गोधडी त्याच्या खांद्यांवर टाकली आणि स्लो कुकरवालीनं वाफाळत्या सुपाचा बोल त्याच्या हातात दिला.

"आय ॲम रिअली..." शैलेंद्रनं सुरुवात केली.

ओव्हरऑलवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि बोलकडे खूण केली. शैलेंद्र सूप पिऊ लागला.

तो पीत असताना मिस टॉल्बट हळू आवाजात चैत्रालीला सांगत होत्या. नदी ओलांडून आलेला माणूस इथवर पोचला की पहिल्यांदा हा दोर ओढायचा. कुणी हुकूम न देता स्वतःच्या हातांनी केलेलं ते पहिलं काम. घंटा ऐकली की गावानं घरात जे गरम असेल ते घेऊन यायचं, आणि बोल रिकामा होईपर्यंत काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही. वाटभर त्यांना लोकांनी फक्त प्रश्नच विचारलेले असत, आणि त्या लोकांच्या हातात कुत्र्यांच्या साखळ्या असत. नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही पाहुण्याला हवं ते. असा शेवटचा पाहुणा अठराशे एकसष्टमध्ये आला. त्यानंतर दरवर्षी उन्हाळ्यात एक दिवस सराव होतो. आज सराव नव्हता.

शैलेंद्रच्या हातातला चमचा थांबला. दीडशेहून अधिक वर्षं कुणी आलं नव्हतं. तरी ती बाई चालू कुकरची वायर ओढून निघाली होती. त्यानं या विषयावर तासन्‌तास भाषणं दिली होती, आणि हे त्यांपैकी एकाही भाषणात नव्हतं. त्याला उगीचच आठवलं, की हर्षवर्धन लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटला तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या आत आपण त्याला आडनाव विचारलं होतं, आणि ते ऐकून समाधान झालं नाही म्हणून पाचव्याला मूळ गाव.

बोल रिकामा झाला.

"आता सांगा," मिस टॉल्बट म्हणाल्या. "कोण आलंय?"

अकरा चेहरे त्याच्याकडे लागले. त्यांच्यामागे चैत्रालीचा बारावा. उत्तर साधं होतं. पण पोरीची नोकरी, तीन आठवडे, पाच मेल हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम उभं राहिलं, आणि जिभेनं नेहमीप्रमाणे पुढाकार घेतला.

"ॲक्चुअली," तो इंग्रजीत म्हणाला, "या आमच्या काकू. वय झालंय, इंडियातून आल्यात, इंग्लिश येत नाही. त्यांना कळलं नाही. चुकून वाजवली."

अरुणानं डोळे मिटून घेतले. रमाबाईंनी पदर सारखा केला. त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या, रागावून नाही, कुणी चुकीचा नंबर सांगितल्यासारखं. मग सावकाश मराठीत म्हणाल्या,

"शैलेंद्रभाऊ, मी जन्मात घंटा वाजवली नाही. दहा वर्षांची होईस्तोवर आमच्या गावात आम्हाला वाजवू देत नव्हते. दहाव्या वर्षी आम्ही बौद्ध झालो, मग मला तिची गरज राहिली नाही. आता तुम्ही म्हणता मी वाजवली. बरं. पुन्हा एकदा विचार करून सांगा."

वाट मोकळी करून दिली होती. शैलेंद्रला ती दिसत होती. पण पाय उचलेना.

"काय म्हणाल्या त्या?" मिस टॉल्बटनी चैत्रालीला विचारलं.

चैत्रालीनं बापाकडे पाहिलं. मग म्युझियमच्या दाराकडे. मग तिनं इंग्रजीत सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. वाजवू देत नव्हते तेही, आणि शेवटचं पुन्हा विचार करून सांगा तेही. वाक्य तिनं एकही मऊ केलं नाही.

म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"मी वाजवली," शैलेंद्र म्हणाला. "देवळात वाजवतो तशी. सवयीनं. मग खोटं बोललो. त्याची पण सवयच असावी."

"मी खिडकीत होते," मिस टॉल्बट म्हणाल्या, आणि चैत्रालीकडे वळल्या. "उन्हाळ्यात इथं लोक येतात. त्यांना न आवडणारं सांगावं लागतं. बरेच जण सांगताना मऊ करतात. जुलैच्या पहिल्या सोमवारी ये." मग त्या रमाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला वाजवायची आहे का?"

"इज इट फॉर गॉड?" रमाबाईंनी विचारलं.

शैलेंद्रची मान गर्रकन वळली.

"नाही. आलेल्या माणसासाठी."

"आणि इथे आल्यावर सगळे एका पंगतीत बसले?" त्यांनी स्वच्छ इंग्रजीत पुढे विचारलं.

"नाही," मिस टॉल्बट म्हणाल्या. "मी स्वतः काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत शिकले. याच रस्त्यावर. पंगत आम्हाला भांडून घ्यावी लागली."

"मग ठीक आहे," रमाबाई म्हणाल्या. जाता जाता त्यांनी शैलेंद्रला मराठीत सांगितलं, "बत्तीस वर्षं नागपूरला टेलिफोन खात्यात होते, भाऊ. ट्रंक कॉलवर. घंटा ऐकण्याचा पगार घेतला. पण तुम्ही पाट्या इतक्या मनापासून वाचत होता, थांबवावंसं वाटलं नाही."

त्यांनी दोर दोन्ही हातांनी धरला. एकदाच ओढला.

या वेळी शैलेंद्र खाली उभा होता, म्हणून त्याला आवाज जाताना दिसला. शेतांवरून, नदीच्या दिशेनं, जिथून माणसं यायची तिकडे. गीज पुन्हा उठले. कुणी हललं नाही. मग ओव्हरऑलवाला पायऱ्या उतरला, तीस-चाळीस पावलं चालत रस्त्यापर्यंत गेला, तिथे वळला आणि परत येऊ लागला. कारण घंटा वाजली होती, आणि घंटा वाजली की यायचं असतं. आधीच आलेलं असून चालत नाही. त्याच्यामागे स्लो कुकरवाली गेली. मग म्हातारा, काठी टेकत, जाऊन आला. मग सायकलवाली, अरुणा, चैत्राली.

सगळ्यात शेवटी शैलेंद्र गेला, मोज्यांतच, खडीवरून. परत येताना त्यानं खांद्यावरची गोधडी काढली होती. ती त्यानं खुर्चीत बसलेल्या रमाबाईंच्या गुडघ्यांवर घातली, सूप भरून बोल त्यांच्या हातात दिला आणि माफी मागायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चांगलं होतं, त्यात अठराशे पन्नासचा उल्लेखही येत होता.

ओव्हरऑलवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि बोलकडे खूण केली.

शैलेंद्र गार पडत चाललेल्या पायांवर थांबून राहिला. रमाबाई अगदी सावकाश सूप पीत होत्या.